पश्चात्तापानंतरची चाळीस वर्षे : अठराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मजागृती आणि समाजसुधारणा

लंडनच्या मूरफील्ड्स भागात तोफा ओतण्याचा एक सरकारी कारखाना होता. १७१६ साली तिथे भीषण स्फोट झाला, माणसे दगावली आणि तोफांचे काम वूलिचला हलवण्यात आले. ती पडकी इमारत वीसहून अधिक वर्षे ओस होती. १७३९ च्या अखेरीस जॉन वेस्ली या छत्तीस वर्षांच्या धर्मगुरूने ती ताब्यात घेतली आणि डागडुजी करून तिथे उपासना सुरू केली. ‘फाउंड्री’ हे जुने नाव कायम राहिले. काही वर्षांतच तिथे सुमारे दीड हजार माणसे मावतील असे सभागृह, साठेक गरीब मुलांची शाळा, फुकट औषध देणारा दवाखाना आणि गरजूंना छोटी कर्जे देणारा निधी एवढा पसारा उभा राहिला. लगतच्या लहान घरांतून नऊ विधवा, एक अंध स्त्री आणि दोन गरीब मुलांची सोय करण्यात आली होती. वेस्ली आणि त्याचे सहकारी प्रचारक लंडनमध्ये असले की त्यांच्याच पंगतीला बसत आणि तेच अन्न खात.

इंग्लंडमधल्या या धर्मजागृतीचा इतिहास बहुधा प्रवचनांतून सांगितला जातो. हजारोंच्या सभा, हुंदके देणारे श्रोते, घोड्यावरून गावोगाव हिंडणारे उपदेशक, असे ते चित्र असते आणि ते खोटे नाही. पण पुढील पानांचा प्रश्न वेगळा आहे. देवापुढे रडून बदललेला माणूस घरी परतल्यावर शेजाऱ्याशी, नोकराशी, कैद्याशी, गुलामाशी बदलून वागतो का? वागत असेल तर ते आपोआप घडते, की त्यासाठी आणखी काही लागते? अठराव्या शतकाने या प्रश्नाची जी उत्तरे दिली ती एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच हा विषय इतका मोलाचा आहे.

त्या काळचे इंग्लंड डोळ्यांसमोर आणले पाहिजे. गायरानांना कुंपणे पडत होती आणि त्यांच्यावर जगणारी माणसे शहरांकडे, खाणींकडे लोटली जात होती. स्वस्त जिन दारूने लंडनच्या गरीब वस्त्या पोखरल्या होत्या. १७५१ च्या कायद्याने तिच्यावर थोडा लगाम बसला. राजमान्य चर्चची व्यवस्था खेड्यांच्या जुन्या हद्दींवर आखलेली होती. नव्याने वसलेल्या कामगार वस्त्यांना ना धर्मगुरू होता, ना शाळा. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार असेच कुणाच्या गणतीत नसलेले लोक होते. सभ्य समाजाला त्यांची भीती वाटे आणि तेवढाच काय तो त्यांच्याशी संबंध असे.

१७ फेब्रुवारी १७३९ रोजी जॉर्ज व्हाइटफील्ड त्यांच्यापुढे उघड्या माळावर उभा राहिला. वय अवघे चोवीस. पहिल्या दिवशी दोनशेच्या आसपास माणसे जमली, पुढे ती हजारांवर गेली. कोळशाने काळवंडलेल्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ उतरत होते, असे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. वेस्लीला मात्र हा प्रकार रुचत नव्हता. तो ऑक्सफर्डचा पंडित होता आणि शिस्तीचा भोक्ता होता. चर्चच्या भिंतींबाहेर उपदेश करणे त्याला जवळजवळ पाप वाटे. तरी व्हाइटफील्डच्या आग्रहावरून २ एप्रिलला तो ब्रिस्टलबाहेर उघड्यावर उभा राहिला. पुढची पन्नास वर्षे तो बहुतांशी रस्त्यावरच होता. त्याने अडीच लाख मैल प्रवास केला असे परंपरेने सांगतात.

ही ठिणगी एकट्या इंग्लंडची नव्हती. जर्मनीतल्या हाल शहरात आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने सतराव्या शतकाच्या अखेरीस अनाथाश्रम, शाळा, छापखाना आणि औषधालय असा संस्थांचा मोठा समूह उभा केला होता. श्रद्धेची पारख सेवेत होते, हा धडा युरोपभरच्या प्रॉटेस्टंटांनी तिथून घेतला. हालमध्ये तयार झालेले पहिले मिशनरी १७०६ साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला उतरले. त्याच परंपरेतला क्रिस्तियन फ्रीड्रिख श्वार्त्स १७५० मध्ये भारतात आला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. तंजावरच्या मराठी राजघराण्यातील सरफोजीराजे दुसरे हे त्याच्या देखरेखीखाली वाढले. श्वार्त्स १७९८ मध्ये वारला. त्याच्या मृत्युशय्येशेजारी सरफोजीराजे उभे आहेत असे संगमरवरी शिल्प राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून करवून घेतले; ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. छापखाना, नव्या धर्तीची शाळा, वैद्यक यांची त्यांची ओढ मात्र राज्यात रुजली. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावली’ १८०६ साली तंजावरातच छापली गेली.

इंग्लंडकडे परत येऊ. वेस्लीची खरी करामत प्रवचनात नव्हती. वक्ता म्हणून व्हाइटफील्ड त्याच्यापेक्षा कितीतरी सरस होता. फिलाडेल्फियात त्याचे भाषण चालू असताना बेंजामिन फ्रँकलिन मागे चालत गेला, आवाज कुठवर पोचतो ते पाहिले आणि तीस हजार माणसांना तो ऐकू येईल असा हिशेब मांडला. पण भाषण संपले की माणसे पांगत. वेस्लीने त्यांना पांगू दिले नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावरचे कर्ज फेडायचे होते, तेव्हा एका माजी कप्तानाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. काहींना तेही झेपणार नाही, अशी शंका निघाली. त्यावर तो म्हणाला, अकरा-बारा जण माझ्याकडे सोपवा, ज्यांना जमणार नाही त्यांचे मी भरीन. पैसे गोळा करायला घरोघर गेलेल्या माणसांना कोण आजारी आहे, कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे, ते दिसू लागले. त्यातून बाराएक जणांचा ‘क्लास’ जन्माला आला.

या क्लासकडे इतिहासाने आणखी निरखून पाहायला हवे. त्याचे म्होरके चांभार, विणकर, खाणकामगार, मोलकरणी असे लोक होते. आयुष्यात कुणी ज्यांचे मत विचारले नव्हते ते आता दर आठवड्याला दहा जणांसमोर बोलत, वही ठेवत, पैशाचा हिशेब देत. बायकाही म्होरक्या होत्या. सभा चालवणे, वर्गणी जमवणे, मतभेद मिटवणे, लेखी अहवाल देणे, हे सारे शिक्षण इंग्लंडच्या गरिबांना शाळेआधी इथे मिळाले. १८३४ साली डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना उभारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट, म्हणजे वेस्लीच्या पंथाचा, उपदेशकच निघाला.

कर्जनिधीचे उदाहरण तर आपल्याकडच्या भिशीची आठवण करून देणारे आहे. गरिबांना अडीनडीला सावकाराच्या आणि गहाणवटवाल्याच्या दारात जावे लागते, हे वेस्लीने पाहिले होते. त्याने लंडनमध्ये मित्रांकडून थोडी रक्कम जमवली. एकेकाला वीस शिलिंगांपर्यंत कर्ज द्यायचे आणि ते तीन महिन्यांत आठवड्याच्या हप्त्यांनी फेडून घ्यायचे, असा नियम होता. एवढ्याशा रकमेतून वर्षभरात अडीचशे माणसांची गरज भागली. पुढे कर्जाची मर्यादा वाढली. १७७५ मध्ये जेम्स लॅकिंग्टन नावाच्या चांभाराने याच निधीतून पाच पौंड घेऊन आपले जुन्या पुस्तकांचे दुकान वाढवले. शतकअखेरीस तो लंडनच्या सर्वांत मोठ्या पुस्तकविक्रेत्यांत गणला जात होता. दवाखान्याची कथाही अशीच आहे. १७४६ च्या डिसेंबरात तो सुरू झाला आणि पाच महिन्यांत पाचशेहून अधिक रुग्णांना औषध मिळाले. डॉक्टरची फी न परवडणाऱ्यांसाठी वेस्लीने १७४७ मध्ये घरगुती उपचारांचे पुस्तक काढले. त्यातले काही उपाय आज वाचताना अंगावर काटा येतो, पण स्वच्छता, थंड पाणी आणि व्यायाम यांवरचा भर शहाणपणाचा होता.

तुरुंगांचे प्रकरण जास्त अंधारे आहे. तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसे. तो कैद्यांकडून फी घेई. निर्दोष सुटलेला माणूससुद्धा ती फी भरेपर्यंत आतच राही. गुलामांच्या जहाजावर खलाशी म्हणून राबलेला सायलस टोल्ड हा फाउंड्रीच्या शाळेत मास्तर होता. १७४४ मध्ये एका पहाटे वेस्लीचे प्रवचन ऐकून तो न्यूगेट तुरुंगात जाऊ लागला आणि पुढची अनेक वर्षे फाशीच्या कैद्यांसोबत गाडीत बसून टायबर्नच्या फाशीस्थळापर्यंत जात राहिला. कायदा बदलण्याची ताकद त्याच्याजवळ नव्हती. ती जॉन हॉवर्डजवळ होती. हा श्रद्धाळू जमीनदार १७७३ मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला, तुरुंगांतून फिरला, मोजमापे घेतली, खिडक्या किती, पाणी किती, भाकरी किती ते लिहून काढले. १७७४ मध्ये संसदेने सुटलेल्या कैद्यांची फी बंद करणारा आणि तुरुंगांच्या आरोग्यासाठीचा असे दोन कायदे केले; १७७७ मध्ये त्याचा इंग्लंड-वेल्समधल्या तुरुंगांवरचा ग्रंथ आला. टोल्डची करुणा आणि हॉवर्डची मोजपट्टी यांपैकी एकीवाचून दुसरी अपुरी होती.

रविवारच्या शाळांचे श्रेय बहुतेक वेळा ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स याला मिळते. १७८० मध्ये टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी त्याने शाळा काढली. तो वर्तमानपत्राचा मालक असल्याने तिची वार्ता देशभर पसरली. पण हॅना बॉल या मेथडिस्ट स्त्रीने हाय विकम गावी १७६९ मध्येच अशी शाळा चालवली होती. वर्तमानपत्र नसल्यामुळे तिचे नाव मागे पडले.

याच शाळांमध्ये या जागृतीची एक अडचण स्पष्ट दिसते. नाटककार म्हणून गाजलेल्या हॅना मोरने १७८९ मध्ये बहिणीसह सॉमरसेटच्या चेडर गावात शाळा काढली. शिकलेला मजूर ताठ होईल अशी धास्ती घेऊन शेतकरी विरोधाला उभे राहिले. तिने चिकाटीने त्यांना तोंड दिले. तरीही गरिबांना वाचायला शिकवावे, लिहायला नको, हा तिचा स्वतःचा नियम होता. बायबल वाचता यावे, पण अर्ज लिहिता येऊ नये! दयेचा हात पुढे करतानाच पायरी राखून ठेवणारी ही वृत्ती त्या काळच्या कितीतरी सुधारकांत होती आणि तिला तिच्या नावानेच हाक मारली पाहिजे. खुद्द वेस्ली राजनिष्ठ होता. १७७५ मध्ये त्याने अमेरिकन वसाहतींच्या बंडाविरुद्ध पत्रक लिहिले. गुलामांसाठी आयुष्य वेचणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सने १७९९ मध्ये कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९६३ मधल्या इंग्लिश कामगारवर्गावरील ग्रंथात मेथडिस्टांवर जी जळजळीत टीका केली, तिचे मूळ इथे आहे. तो स्वतः एका मेथडिस्ट मिशनऱ्याचा मुलगा होता आणि वेस्लीने स्थापलेल्या किंग्जवुड शाळेतच शिकला होता.

आता गुलामगिरी. हृदयपालट आणि सुधारणा यांमधले अंतर इथे वर्षांत मोजता येते.

व्हाइटफील्डपासून सुरुवात करू. १७४० मध्ये त्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील मालकांना उद्देशून पत्र छापले आणि गुलामांवरच्या क्रौर्याबद्दल त्यांना फटकारले. त्याच वर्षी त्याने जॉर्जियात अनाथाश्रमाची पायाभरणी केली. जॉर्जियात तेव्हा गुलामगिरीला बंदी होती. आश्रमाचा खर्च भागेना, तेव्हा त्याने साउथ कॅरोलायनात मळा घेतला, तिथे गुलाम राबवले आणि जॉर्जियातली बंदी उठावी म्हणून खटपट केली. १७५१ मध्ये ती उठली. १७७० मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात इमारती आणि जमिनींबरोबर माणसेही होती. ती हंटिंग्डनच्या सरदारपत्नीला वारशाने मिळाली. त्याच्या मृत्यूवर शोककाव्य लिहून प्रसिद्धीस आलेली फिलिस व्हीटली ही बॉस्टनमधली गुलाम मुलगी होती. ज्याच्या शब्दांनी तिच्यासारख्यांना देवाच्या लेकरांत जागा दिली, त्यानेच तिच्यासारख्यांना मालमत्तेत मोजले. ही विसंगती कोणत्याही समर्थनाने मिटत नाही.

जॉन न्यूटनचे प्रकरण वेगळे आहे. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवरच्या वादळात जहाज बुडू लागले आणि त्याने देवाचा धावा केला. प्रचलित कथा इथे थांबते आणि पश्चात्तापी माणूस तत्क्षणी गुलामांचा धंदा सोडतो. प्रत्यक्षात त्यानंतर तो अशाच जहाजांचा कप्तान झाला, साखळदंडातल्या माणसांच्या डोक्यावरच्या फळ्यांवर उभा राहून प्रार्थना करत राहिला आणि १७५४ मध्ये प्रकृतीमुळे समुद्र सोडला. १७६४ मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याने १७७३ च्या नववर्षासाठी रचले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याचे पत्रक मात्र १७८८ चे. वादळापासून पत्रकापर्यंत चाळीस वर्षे गेली. पण लिहिले तेव्हा त्याने काही लपवले नाही. जहाजावर काय चालते ते डोळ्यांनी पाहिलेल्या आणि हातांनी केलेल्या माणसाची ती जबानी होती. संसदेपुढे तिचे वजन पडले.

वेस्लीलाही वेळ लागलाच. १७३८ च्या मे महिन्यात आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्याला श्रद्धेचा साक्षात्कार झाला. गुलामगिरीवरचे त्याचे पुस्तक आले १७७४ मध्ये. कॅरोलायनातले गुलाम त्याने तरुणपणीच पाहिले होते. डोळे उघडले ते १७७२ मध्ये फिलाडेल्फियाच्या अँथनी बेनेझेट या क्वेकर पंथाच्या शिक्षकाचे पुस्तक वाचल्यावर. क्वेकरांनी हा प्रश्न आपल्या सभांमधून आधीच ऐरणीवर आणला होता. २२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती बसली, तेव्हा तिच्या बारा सदस्यांपैकी नऊ क्वेकर होते. उरलेल्या तिघांतला थॉमस क्लार्कसन बंदरांतून हिंडला, जहाजांच्या हजेरीपटांवरून किती खलाशी मेले ते त्याने मोजले आणि हा धंदा खुद्द इंग्रज खलाशांनाही गिळतो हे आकड्यांनी दाखवले.

आणि मग ज्यांच्यावर गुदरली त्यांचा आवाज आला. ओलाउडा इक्वियानोने १७६६ मध्ये पैसे मोजून स्वतःची सुटका करून घेतली होती. १७८९ मध्ये त्याने आत्मचरित्र छापले आणि गावोगाव फिरून ते विकले. २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, मृत्यूच्या सहा दिवस आधी, सत्त्याऐंशी वर्षांच्या वेस्लीने विल्बरफोर्सला पत्र लिहिले. त्याचे आपल्याला माहीत असलेले हे शेवटचे पत्र. नुकत्याच वाचलेल्या एका आफ्रिकी माणसाच्या लेखनाचा त्यात उल्लेख आहे; ते लेखन इक्वियानोचे मानले जाते. वसाहतींत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागली होती. एप्रिलमध्ये संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्याचा विल्बरफोर्सचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. मग लोकांनी गुलामांच्या श्रमातून येणारी साखर सोडली. वेस्ट इंडीजची साखर न खाणाऱ्यांचा क्लार्कसनचा अंदाज तीन लाखांचा होता. मताधिकार नसलेल्या बायकांनी स्वयंपाकघरातून चालवलेली ही राजकीय चळवळ होती. १७९२ मध्ये संसदेकडे ५१९ अर्ज गेले. व्यापारावर बंदी यायला १८०७ साल उजाडावे लागले.

मेथडिस्ट सभांतून पुढे आलेल्या बायकांचे पुढे काय झाले, हेही या इतिहासात आले पाहिजे. सारा क्रॉस्बी १७६१ पासून सभांतून बोलत होती. मेरी बोझँक्वेटने मैत्रिणीबरोबर लेटनस्टोनला अनाथांसाठी घर काढले आणि स्त्रियांच्या उपदेशाची बाजू वेस्लीकडे लेखी मांडली. त्याने ती अपवाद म्हणून का होईना, मान्य केली. वेस्लीच्या पश्चात १८०३ च्या परिषदेने स्त्रियांचा उपदेश फक्त स्त्रियांपुरता मर्यादित केला. चळवळ प्रतिष्ठित झाली की तिला आधी कुणाचा संकोच वाटू लागतो, ते इथे दिसते. मेरी मात्र १८१५ मध्ये मरेपर्यंत बोलत राहिली.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी धागा अनपेक्षित ठिकाणी जुळतो. नॉर्दॅम्प्टनशायरचा चांभार आणि बॅप्टिस्ट उपदेशक विल्यम कॅरी याने १७९२ मध्ये परदेशी मिशनकार्यासाठी पुस्तिका लिहिली. साखर सोडलेल्या कुटुंबांनी वाचलेला पैसा या कामाला द्यावा, असे त्याने तिच्यात सुचवले. पुढच्याच वर्षी तो बंगालला आला. पुढे तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवू लागला आणि पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने १८०५ मध्ये त्याने मराठी व्याकरण छापले, १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना तिच्या मुलखात मोकळीक मिळाली. त्यासाठी संसदेत झगडताना विल्बरफोर्सने हिंदू समाजाविषयी तुच्छतेने भरलेले भाषण केले, हे विसरता येत नाही. त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. त्या मिशनच्या सिंथिया फॅरार यांची अहमदनगरमधली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा घेतली.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांच्या धर्माची त्यांनी स्वतःच्या कसोटीवर पारख केली आणि सत्यशोधक समाजाची वाट निराळी आखली. मात्र १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी तो ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा अर्पणपत्रिकेतच नोंदवली.